चिंचेनं घासलेला सेंट

कॅनडात, हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यातल्या लॅबमध्ये माझी उभी हयात लोखंडातल्या भेगा शोधण्यात गेली. संध्याकाळी घरी येऊनही मी तेच करायचो, फक्त लोखंडाऐवजी तांब्यात. अमेरिकेच्या टांकसाळीनं अगदी सुरुवातीला, सतराशे नव्वदच्या दशकात पाडलेले तांब्याचे मोठे सेंट मी जमवत असे.

त्या काळी नाण्यांचे ठसे हातानं कोरत. त्यामुळे एका ठशातला आकडा जरा तिरका, तर दुसऱ्यातलं नक्षीचं पान जरा खाली. वापरून वापरून ठसा तडकला, की ती तड नाण्यावर बारीक, उंच रेघ होऊन उमटायची. एकाच सालच्या सेंटचे असे कितीतरी प्रकार असतात, आणि त्यातला दुर्मीळ कुठला हे भिंगाखाली धरल्याशिवाय कळत नाही. शहाण्या माणसाला हे खूळ वाटेल. माझ्या बायकोलाही वाटायचं, पण ती ते मजेत घ्यायची. चहा घेऊन बेसमेंटमध्ये यायची आणि विचारायची, "काय हो, सापडली का तुमची रेघ?"

माझी रेघ म्हणजे नाण्याच्या कडेपासून सालाच्या शेवटच्या आकड्यापर्यंत गेलेली एक दुर्मीळ तड. बफेलोला नाण्यांचं प्रदर्शन भरलं की मी बॉर्डर ओलांडून जायचो आणि हात हलवत परत यायचो.

माझ्याकडचा सगळ्यात जुना सेंट काळाकुट्ट होता. कडेला मळाचा जाड थर बसलेला. पण आम्हा तांबंवाल्यांत नाणं घासणं म्हणजे महापाप. तो काळेपणा म्हणजे नाण्याचं वय. तो गेला की नाण्याची इभ्रत गेली. हे मी बायकोला कधी सांगितलं होतं का? नव्हतं. तिला त्यातलं काही कळणार नाही, असं मी परस्परच ठरवून टाकलं होतं.

एका लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे चार-पाच मराठी कुटुंबं जमली होती. एरवी बायको पूजेत डॉलरची नाणी मांडायची. त्या वर्षी तिच्या मनात आलं, घरात इतकं जुनं नाणं असताना लक्ष्मीला ते का दाखवू नये? पूजेची तांब्याची भांडी चिंच-मीठ लावून घासताना तिनं तो सेंटही घासला. मी आरतीला उभा राहिलो आणि पाहिलं, तर ताम्हनात माझा सेंट, नव्या लोट्यासारखा गुलाबी, लखलखीत!

"कुणाला विचारून हात लावलास?" मी ओरडलो. "यू हॅव रुइन्ड इट!"

"अहो, लक्ष्मीपुढे काळं नाणं कसं ठेवायचं?"

"अडाणी ती अडाणीच राहिलीस."

पाहुणे जमिनीकडे बघू लागले. तिनं नाणं उचललं, पदराला पुसलं, माझ्या हातावर ठेवलं आणि आरती सुरू केली. तिचा आवाज त्या दिवशी नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत होता.

तीन दिवस मी फुगून बसलो. मग एका दुपारी, नुकसान किती झालंय ते बघावं म्हणून नाणं भिंगाखाली धरलं. मळ गेलेल्या कडेतून एक रेघ निघून थेट शेवटच्या आकड्यापर्यंत गेली होती. माझीच रेघ! इतकी वर्षं ती माझ्याच डब्यात, मळाखाली पडून होती. मी ओहायोतल्या एका नाणेवेड्या मित्राला फोन लावला आणि बेसमेंट डोक्यावर घेतलं.

वर जाऊन तिलाही सांगायला हवं होतं. जिन्याच्या तेरा पायऱ्या फक्त. पण सांगायचं तर आधी माफी मागावी लागणार, आणि तिथंच माझं घोडं पेंड खात होतं. आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली. ती वरूनच हाक मारायची, "चहा ठेवलाय." रेघेबद्दल तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. मला त्याची लाज वाटायची आणि सोयही वाटायची, हे आता कबूल करतो.

या वसंतात आम्ही घर विकून कॉन्डोत जायचं ठरवलं. सामान बांधताना तो सेंट हाती आला. ती समोरच ताम्हन कागदात गुंडाळत होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. तुझ्यामुळे सापडली म्हणालो. चुकलो म्हणालो.

"मला माहितीये," ती म्हणाली. "तुमचा फोन चालला होता तेव्हा मी बेसमेंटमध्येच, पलीकडे होते, ड्रायरमधले कपडे काढत. 'माय वाइफ फाउंड इट' असं ओरडून सांगत होतात ना त्या मित्राला? केवढी खूश झाले होते मी. म्हटलं, आता वर येतील. आलं घालून चहासुद्धा टाकला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"मी काय बोलणार? दोन दिवाळ्या वाट बघितली, मग सोडून दिलं."

मी सेंट तिच्यापुढे धरला. "या दिवाळीला पूजेत ठेवू या."

"नको. तुमच्या डब्यातच राहू दे," ती म्हणाली, आणि गुंडाळलेलं ताम्हन तिनं दुसऱ्या खोक्यात ठेवलं.