पास झालेला ओटा

माझं वय तेव्हा चौतीस-पस्तीस असेल आणि अक्कल त्याच्या निम्मी. दिसायला मी बरी होते, असं आमचे हे म्हणायचे, पण त्यांना चष्मा पुढे दोनच वर्षांत लागला, त्यामुळे त्या साक्षीवर फार विसंबता येत नाही. मला मात्र स्वतःबद्दल तिळमात्र शंका नव्हती. आख्ख्या चाळीसारख्या त्या ओळीत माणसं ओळखावीत तर मीच, असा माझा पक्का समज होता.

नव्वदीतलं कोपरखैरणे. बाजारात पाठीवर गोण्या वाहणाऱ्या साताऱ्याकडच्या माणसांची एकाला एक चिकटलेली बैठी घरं, त्यातलं शेवटचं आमचं. आमच्या पुढे नाला आणि नाल्याच्या पलीकडे शाळा. पोरं पाण्याच्या जाड पाइपावरून एकमेकांचे शर्ट धरून पलीकडे जायची. आमची मुलगी दुसरीत होती. ती पाइपावर चढली की मी श्वास धरायची, पलीकडे उतरली की सोडायची. म्हणून तिथे पायपूल मंजूर झाला, तेव्हा मी साखर वाटली. पूल मीच मंजूर करून आणल्यासारखी.

कामावर कंत्राटदाराचा एक मुकादम होता, सोलापूरकडचा. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं तुपातलं. आणि एक सरकारी खात्यातली ज्युनियर इंजिनीअर होती, चोवीस-पंचवीसची, कोकणातल्या खेड्यातून शिकून आलेली. काटकुळी, मापापेक्षा मोठा पंजाबी ड्रेस, खांद्याला रेक्झिनची पिशवी. नोकरी नवीन, अजून कायम व्हायची होती. मी दोघांकडे एकेकदा बघितलं आणि निकाल देऊन टाकला: मुकादम हुशार, पोरगी बिचारी. ह्यांना म्हटलंसुद्धा, ही काय पूल बांधणार, हिला छत्री उघडायला दोन हात लागतात.

एके दिवशी मुकादम दारात आला. सिमेंट-खडीचा माल कसा झालाय हे तपासायला त्याचे ठोकळे पाडतात, त्यांना क्यूब म्हणतात, ते अठ्ठावीस दिवस पाण्यात भिजवून लॅबमध्ये मशीनखाली फोडून बघतात, असं त्याने मला समजावलं. साइटवर पाण्याची बोंब आहे म्हणाला. तर ते क्यूब आमच्या अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत ठेवले तर चालतील का? वर म्हणाला, "ताई, एवढी स्वच्छ टाकी अख्ख्या सेक्टरमध्ये दुसरी नाही बघा."

बास. बाई विरघळली. टाकी मी आदल्याच दिवशी घासली होती आणि ते बघणारा माणूस मला लग्नानंतर पहिल्यांदाच भेटत होता.

मग क्यूब आमच्या अंगणातच भरायला लागले. मी दारात बसून बघायची. काय ती निगुती! रेती चाळून घेतलेली, खडी धुतलेली, सिमेंट मापून, पाणी मगाने बेताबेताने. लोखंडी साच्यांना आतून तेल लावायचे, माल थराथराने भरायचे, प्रत्येक थर सळईने ठासायचे, वरून थापी फिरवायचे. पुरणपोळीचा घाट घालतात तसं. दुसऱ्या दिवशी साचे उघडले की गुळगुळीत करडे ठोकळे निघायचे, त्यांच्यावर लाल रंगाने नंबर पडायचे आणि ते माझ्या टाकीत जायचे. मी रोज त्यांच्यावर पाणी आहे ना बघायची. मुलीचा अभ्यास मी इतका कधी बघितला नाही. माल दरवेळी मुकादम जरा जास्तच कालवायचा आणि उरलेला आमच्या दारापुढे ओतून माणसांकडून ओटा करून द्यायचा. चार वेळा क्यूब भरले, चार वेळा ओटा वाढला. शेवटी असा लांबरुंद झाला की संध्याकाळी आठ बायका मांडी घालून बसायच्या आणि मी मधोमध.

पुलावर मी कधी कधी मुकादमासाठी डबा घेऊन जायची. तिथे फावड्याने रेती ओढत होते, पाणी पाइपाने धो धो सोडत होते, सिमेंटच्या गोण्या कुठे दिसायच्या, कुठे नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरच्यांना आमटी पातळ, पाहुण्यांना घट्ट, हे मी स्वतः करत होते.

इंजिनीअर बाई कुठे होती, असं कुणी विचारेल. तिला तिच्या ऑफिसातल्या साहेबांनी आणखी दोन साइट दिल्या होत्या. स्लॅब पडायच्या दिवशी हटकून तिला दुसरीकडे बोलावणं यायचं. क्यूब सगळे पास झाले. स्लॅबखालच्या फळ्या निघाल्या, कठड्याला पिवळा-काळा रंग लागला, उद्घाटनाचा मांडव ठरला. राहिली होती फक्त तिची सही.

त्या आठवड्यात ती भर दुपारी पाणी प्यायला आमच्याकडे आली. ओट्यावर बसली. मी तांब्या दिला आणि माझं तोंड सुरू केलं. म्हटलं, तुमची माणसं फार चांगली हो, आमच्या इथे क्यूब किती नीट भरतात, चाळून, धुऊन, मापून. तिकडे पुलावर आपलं घाईघाईत चालतं, पण परीक्षेला जाणारे ठोकळे म्हटल्यावर जरा नीट हवेतच ना.

तिने तांब्या खाली ठेवला. "वहिनी, इथे भिजवतात ना? भरतात पुलावर."

"छे, इथेच भरतात. माझ्यासमोर. चारही वेळा."

"आणि उरलेला माल?"

"त्यावरच तर बसलाय तुम्ही."

ती उठली. मला उगाच वाटलं, ओट्याला नावं ठेवणार. तिने पिशवीतून एक मोठा खिळा काढला आणि ओट्यावर जोर देऊन ओढला. पांढरी रेघ उठली, तेवढीच. मग ती नाल्याकडे गेली, पुलाच्या खाली उतरली. मीही मागोमाग, कारण माझ्या ओट्यावर रेघ ओढलेली मला खपली नव्हती. तिने तोच खिळा स्लॅबच्या पोटाला लावला आणि फिरवला. रेती भुरभुर तिच्या चेहऱ्यावर पडली. खिळा अर्धा आत गेला. एका जागी खडीच्या फटीतून गंजलेली सळई दिसत होती. अजून त्या पुलावरून एक माणूस अधिकृतपणे गेला नव्हता.

मला तेव्हा कळलं. म्हणजे इतकं सगळं बघून, ठोकळ्यांना दोन वेळा पाणी दाखवून, मला तेव्हा कळलं. परीक्षेला बसवलं होतं एकाला आणि वर्गात होता दुसराच.

तिने सही करणार नाही असं साहेबांना कळवलं. साहेब म्हणाले, रिपोर्ट पास आहेत, तुझ्या खिळ्यावर कोण विश्वास ठेवणार? नोकरी कायम व्हायची आहे ना? हे तिने मला नंतर सांगितलं. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, तुम्ही जे पाहिलं ते चार ओळींत लिहून द्याल का?

आणि मी, माणसं ओळखणारी, नाही म्हटलं. कारण त्याच सकाळी मुकादम येऊन गेला होता. तसाच गोड. म्हणाला होता, "ताई, विचारणारे मग हेही विचारतील, ओटा कोणाच्या सिमेंटचा." मी इंजिनीअर बाईला म्हटलं, मी साधी बाई, मला त्यातलं काही कळत नाही. साधी! आठ बायकांच्या मधोमध बसणारी साधी.

"बरं वहिनी," ती म्हणाली. "तुमचं नाव कुठे येणार नाही." आणि खरंच आणलं नाही तिने. मला वाटलं होतं ती गळ घालेल, रडेल, मुलीची शपथ घालेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. ती सगळी वाया गेली.

पूल उभा होता म्हटल्यावर पोरं कशाला थांबतायत. पाइप सोडून ती पुलावरून पळायला लागली. तिसऱ्या दिवशी मी मुलीला सोडायला गेले तर पुलाच्या तोंडाला दोरी बांधलेली आणि दोरीपाशी ती बाई उभी. शाळा भरताना आणि सुटताना, दोन्ही वेळा. पोरं तिला चिडवत होती, कुणी वॉचमन म्हणत होतं, कुणी दोरीखालून घुसायला बघत होतं. ती एकेकाला दंडाला धरून पाइपापर्यंत नेत होती. माझी मुलगी तिचा हात धरून पाइपावर चढली. मी दहा पावलांवर उभी होते. हात मात्र तिचा होता.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, घण कुठे मिळेल? ह्यांनी का म्हणून विचारलं नाही. चार घरं सोडून एकाकडे होता, तो आणून दिला आणि म्हणाले, "कोपऱ्यातून घाल. मधून नाही फुटायचा तो." ओटा खरंच फुटेना. हात भरून आले, शेजारणी दारात जमल्या, कुणी म्हणाली हिला झालंय काय. शेवटी विटेएवढं एक ढेकूळ निघालं. ते बाजारहाटाच्या पिशवीत घातलं आणि बसने साहेबांच्या ऑफिसात गेले. उभ्याने गेले, पिशवी पोटाशी धरून. कंडक्टर म्हणाला, मावशी, सोनं आहे का काय?

साहेब फाइलीतून वर बघेनात. मी ढेकूळ टेबलावर ठेवलं. काच तडकली, ते मात्र माझ्या मनात नव्हतं.

"साहेब, तुमच्या पुलाचा जो भाग पास झालाय ना, तो हा. माझ्या दारात आहे. आणखी हवा असेल तर माणूस पाठवा."

पुढे मी बरंच बोलले, पुरणपोळी, आमटी, टाकी, सगळं. सिमेंट सरकारी होतं आणि मला ते कळायला हवं होतं, हेही. बाहेरच्या बाकावरची माणसं दाराशी आली होती. एवढी माणसं ऐकत असल्यावर साहेबांनी लिहून घेतलं. मी सही केली, लफ्फेदार, तशाही परिस्थितीत.

पुलाला गिरमिटाने भोक पाडून आतला तुकडा काढायचा हुकूम निघाला. तुकडा आख्खा निघालाच नाही, कामगाराच्या ओंजळीत त्याची भुकटी आली. मांडव रद्द झाला, स्लॅब फोडली. मुकादम दिसेनासा झाला. त्याच्या शेठला दुसरीकडे रस्त्याचं काम मिळाल्याचं ऐकलं, म्हणजे फार मोठा न्याय झाला असं नाही. माझ्या फुटक्या ओट्यावर महिनाभर कुणी बसलं नाही, सगळ्या येऊन नुसत्या उभ्याने बोलायच्या.

नवी स्लॅब दुसऱ्या कंत्राटदाराने टाकली. त्या दिवशी इंजिनीअर बाईला तीनदा दुसरीकडे बोलावणं आलं, ती गेली नाही. स्लॅबवर ओतायला निघालेलं घमेलं मध्येच थांबवायची, त्यातूनच साचे भरायची, स्वतः सळईने ठासायची आणि ओल्या ठोकळ्यावर खिळ्याने काहीतरी कोरायची. ओढणी कमरेला खोचलेली, कोपरापर्यंत हात सिमेंटने माखलेले. मी बघत होते आणि छत्रीबद्दल बोललेलं आठवून एकटीच लाजत होते.

क्यूबांचे अठ्ठावीस दिवस भरायच्या आत तिची बदली झाली, जासईकडे. नोकरी कायम व्हायचा कागदही वर्षभर पुढे गेला. पुलावरची सही आता दुसऱ्याची होणार होती. पण अठ्ठाविसाव्या दिवशी ती आली, रजा टाकून, दोन बस बदलून. क्यूब फुटताना लॅबमध्ये उभी राहिली, एकेकावरची आपली खूण तपासली, पास झाल्याचा आकडा ऐकला आणि तिथून आमच्याकडे चहाला आली.

मी म्हटलं, सही तुमची नाही, मग एवढ्या उन्हाचं कशाला आलात?

"क्यूब माझे होते ना, वहिनी."

चहा संपता संपता शाळा सुटली. दोरी काढलेल्या पुलावरून पोरं धावत सुटली, दप्तरं आपटत, मुद्दाम पाय हापटत. आम्ही सगळ्या बायका दारात येऊन कौतुकाने त्यांच्याकडे बघायला लागलो. ती आमच्यात नव्हती. शोधलं तर नाल्यात उतरली होती, पुलाच्या बरोबर खाली, मान वर करून, हाताचा पंजा स्लॅबच्या पोटाला लावून. वरून शेवटचं पोर जाईपर्यंत तिने तो काढला नाही.