न बांधलेलं सामान

बंगालमधल्या आमच्या डमडमच्या इमारतीत मराठी घरं दोनच, आमचं आणि वरच्या मजल्यावरच्या शकुनताईंचं. हळू बोलणं या बाईंना जमतच नाही. भर जिन्यात मला म्हणाल्या, "लीना, केयूरच्या शर्टाला व्हाइटनरचा वास येतोय. हुंगतोय पोरगा." मला असा राग आला! तेरा वर्षांचा माझा मुलगा! पण त्याच्या दप्तरात रिकाम्या बाटल्या सापडल्या.

माझा नवरा अनिल खिदिरपूरला कस्टम्समध्ये. आम्हा बदलीवाल्यांना सगळ्या दुखण्यांवर एकच औषध ठाऊक. "आज व्हाइटनर, उद्या ब्राउन शुगर. नागपूरला बदली मागतो," तो म्हणाला. मी माळ्यावरची खोकी काढली.

शकुनताई येऊन त्यातल्या एका खोक्यावरच बसल्या. "माझा भाऊ उदय असाच सुरू झाला. वडिलांनी त्याच्यासाठी तीन गावं बदलली. प्रत्येक गावात त्याला नवे सोबती मिळाले, ओळखणारं मात्र कुणी उरलं नाही. ब्राउन शुगरनेच गेला. त्याच्याबरोबर हुंगणारे दोघं आज नातवंडं खेळवतायत. सगळेच ब्राउन शुगरपर्यंत जातात असं नाही गं, पण कोण जाईल ते आधी कळत नाही. इथेच राहा. डॉक्टरांकडे न्या, आणि शाळा सुटली की त्याला माझ्याकडे पाठवा."

आम्ही राहिलो. डॉक्टर झाले, रडारड झाली, मधे एकदा तो पुन्हा घसरलाही. तरी रोज शाळेतून तो वर जायचा. शकुनताई त्याच्याकडून नारळ खोवून घेत, थालीपीठं थापून घेत आणि त्याच्या बंगाली वळणाच्या मराठीची यथेच्छ टिंगल करत. शर्टाचा वास घ्यायच्या तोही उघडउघड.

केयूर आता बजबजच्या तेल डेपोत इंजिनिअर आहे. साधी सिगारेट ओढत नाही.

गेल्या महिन्यात शकुनताई कायमच्या सांगलीला निघाल्या. केयूर त्यांची खोकी उतरवत होता. त्यांचे यजमान सहज म्हणाले, "ही खोकी माझ्या पाटण्याच्या बदलीच्या वेळी आणली होती. तेव्हा हिने भरलीच नाहीत."

पाटण्याला ते एकटेच गेले होते, केयूरच्या दप्तरात बाटल्या सापडल्या त्याच वर्षी. गुडघ्याच्या उपचारांसाठी शकुनताई मागे राहिल्या, असंच आम्ही धरून चाललो होतो. मी तसं म्हटलं, तर यजमान हसले.

"कसला गुडघा! शाळा सुटल्यावर पोरगा कुणाकडे जाईल, म्हणाली. तीन वर्षं माझा भात मीच शिजवला."

माझे डोळे भरून आले. या बाईचे उपकार कुठल्या जन्मी फिटायचे? केयूर त्यांच्या पाया पडला. त्यांनी त्याला उठवलं, सवयीने शर्टाचा वास घेतला आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घामाचा आहे. जा, हात धुऊन जेवायला बस."