बेल्जियमची काकवी

कंपनीच्या कामासाठी पंधरा दिवस बेल्जियमला जाऊन आलो आणि येताना एक खूळ घेऊन आलो. तिथली बिअर घरी करायची. पेल एल म्हणतात तिला. फिकट सोनेरी रंग, संत्र्या-आंब्याचा वास आणि मागून हॉप्स नावाच्या वाळक्या फुलांचा कडूपणा. बायको म्हणाली, "आधी चहा नीट करायला शिका." मी तरीही मोड आलेल्या सातूचं गोडसर माल्ट, हॉप्स, यीस्ट मागवलं, आई मामाकडे गेलेली बघून रविवारी पाच लिटर शिजवलं आणि काचेच्या बरणीत भरून जिन्याखाली ठेवलं.

आईपुढे दारूचं नाव काढायची सोय नव्हती. "फळांचा रस हाय, मुरत ठेवलाय," ती परत आल्यावर मी ठोकून दिलं.

"कसली फळं?"

"तिकडची."

त्या वर्षी आई मोठ्या आजारातून उठली होती. हात थरथरायचा, म्हणून बायकोने प्रेमानेच का होईना, गॅसचा ताबा घेतला होता. आई कट्ट्यापाशी यायची, दोन डब्यांची झाकणं लावायची आणि परत जायची. "माझा हात गेला आता," म्हणायची. आम्ही "कुठं काय" म्हणून विषय बदलायचो. त्याची मला अजून लाज वाटते.

मंगळवारी संध्याकाळी शिरोलीच्या फाउंड्रीतून घरी आलो तर दारातच गोड, खरपूस वास. आई पदर खोचून गॅससमोर उभी, आणि मोठ्या पातेल्यात माझी पेल एल तळाला जाऊन रटरटत होती.

"बरं झालं मी बघितलं. आंबायला लागलता की रस! ह्यो एवढा फेस वर. वाया गेला असता सगळा."

आईचे वडील गुळव्या. पंचक्रोशीतल्या गुऱ्हाळांवर कढई कधी उतरवायची हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. आईनेही माहेरची रीत सोडली नव्हती. बायको शिकवायला शाळेत गेल्यावर गॅस मोकळा मिळताच तिने रस निवळायला फ्रिजमधली भेंडी ठेचून घातली, वर आलेली मळी झाऱ्याने काढली आणि दुपारभर ढवळत राहिली. ज्या फेसासाठी मी दोन दिवस देव पाण्यात ठेवले होते, तो सगळा मोरीत गेला होता.

"काकवी झाल्या बघ. तार कशी सुटल्या!" कित्येक महिन्यांनी तिचा आवाज असा खणखणीत निघाला. तिने थेंबभर तळहातावर घेऊन चाटली. तोंड कसनुसं झालं. पुन्हा चाटली, आणि झारा खाली ठेवला.

"कडू झाली रे. गेलाच की हात माझा. साधी काकवी बी जमंना."

खरं सांगावं तर घरात महाभारत, न सांगावं तर ही पुन्हा गॅसकडे बघणार नाही.

"आई, तुझं काय चुकलं न्हाय. ती दारू हाय. कडू फुलं घातल्यात मी त्यात. कुणी बी आटवली तरी कडूच हुणार."

"दारू?"

"बिअर."

झारा माझ्या पाठीत बसला, काकवीसकट. मग ती थांबली.

"म्हंजी तार बरोबर हुती?"

"एकदम."

"मग हात बरा हाय माझा. अक्कल तुझी गेल्या." तेवढ्यात बायको शाळेतून आली, तिला आईने तिथूनच ओरडून सांगितलं, "तू पाय धुऊन निवांत बस. भाकरी मी टाकती."