शपथ आणि पोळ्याचं पुरण

मी तेव्हा अकोल्याच्या एका शाळेत मास्तर होतो. माझे दोन जवळचे मित्र होते, एक वकील आणि दुसरा ग्रामसुधारणेवर व्याख्यानं देणारा. एका रविवारी वकिलाच्या बैठकीत आम्ही तिघांनी शपथ घेतली की गरीब शेतकऱ्याला जे रोज मिळत नाही ते आपणही खायचं नाही. तूप, गूळ, साखर, तळलेलं, सगळं बंद. शपथ झाल्यावर वकिलाच्या बायकोनं भजी आणली. ती आधीच तळून झाली होती, म्हणून खाल्ली.

पुढं पोळा आला. बाबांचा निरोप आला, "या वर्षी दोस्ताइले घेऊन ये." बाबा पंच्याहत्तरीला टेकले होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि गावी त्यांच्यापाशी माझी बायको राहत होती. व्याख्यात्याला खेडं पाहायचंच होतं. खेड्यावर तो कितीदा तरी बोलला होता, पण जायचा योग आला नव्हता.

जऊळक्याला गाडीतून उतरलो, तर स्टेशनाबाहेर एकही बैलगाडी नाही.

"गाडी पाठवायला सांगितली नव्हतीस का?" वकिलानं मला विचारलं.

शेजारचा हमाल हसला. "पोळ्याच्या दिवशी बैल जुपते का कोनी, साहेब?"

व्याख्याता खेड्याचा जाणकार आणि मी शेतकऱ्याचा मुलगा. आम्ही दोघांनी वकिलाकडे अशा नजरेनं पाहिलं की चूक त्याचीच असावी. मग दोन कोस काळ्या चिखलातून चालत गेलो. वाटेत व्याख्यात्याचा एक जोडा चिखलानं ठेवून घेतला.

बाबा ओट्याजवळ बसून बैलाच्या शिंगांना रंग लावत होते. हात थरथरत असल्यानं निम्मा रंग बैलाच्या कपाळावर गेला होता. आत बायको पाट्यावर पुरण वाटत होती. मी पाय धुता धुताच सांगून टाकलं, "बाबा, आम्ही तिघांनी गोड सोडलंय."

त्यांचा हात थांबला. "कोन गेलं, बाप्पा?"

"कोणी गेलं नाही. शपथ आहे. शेतकरी खातो तेच खायचं."

"मंग शेतकरी आज पुरनच खाते ना!"

यावर व्याख्यात्यानं त्यांना शेतकऱ्याच्या आहाराविषयी बरीच माहिती दिली. बाबांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि घरात आवाज दिला, "सूनबाई, पावन्याइसाटी भाकर टाक. अन् ठेचा कर, गड्याइले करते तसा."

आतला वरवंटा थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा जोरात.

दिवेलागणीला बैल पोळ्यातून घरी आले. बायकोनं त्यांचे पाय धुतले, ओवाळलं आणि सुपात पुरणपोळ्या ठेवल्या, वर तुपाची धार. आम्ही तिघं बाजूला उभे होतो. बैल सावकाश खात होते.

"बैलाला एवढं तूप सोसतं का?" वकिलानं हळूच विचारलं.

"थे वर्सभर राबते," बाबा म्हणाले. "त्याइले सोसते."

मग आमची पानं मांडली. तीन पानांवर ज्वारीची भाकर आणि ठेचा, बाबांच्या पानावर पुरणपोळी आणि वाटीत गरम दूध. व्याख्यात्यानं पहिला घास घेता घेता भाकरीच्या सात्त्विकतेवर बोलायला सुरुवात केली. ठेचा जिभेला लागला आणि वाक्य अर्धंच राहिलं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. वकिलानं तेवढ्यात मुद्दा काढला, की शपथ अकोल्यात घेतली, तेव्हा तिची हद्द अकोल्यापुरती. शिवाय देवाचा नैवेद्य हे काही मिष्टान्न नव्हे.

"मले कायद्याचं समजत नाई," बाबा म्हणाले आणि त्याला आणखी अर्धी भाकर वाढायला लावली.

मी हसलो, आणि माझं लक्ष बाबांच्या पानाकडे गेलं. पोळी जवळजवळ होती तशीच होती. बोटांनी त्यांनी तिचा एक तुकडा मोडला होता, पण तो बुडवताना वाटीतलं अर्धं दूध पाटावर सांडलं होतं. हाच माणूस एका बैठकीला आठ पोळ्या खायचा.

"बाबा, तुम्ही का खात नाही?"

"माह्याच्यानं खानं होत नाई आता," ते म्हणाले. "कोनी खाताना पाह्यलं का बरं वाटते. म्हून तं तुमाले बलावलं."

मी त्यांच्या पानावरची पोळी उचलली, दुधात कुस्करली आणि एक घास त्यांना भरवून दुसरा मी खाल्ला. वकिलानं लगेच माझ्या बायकोला हाक मारली, "वहिनी!" व्याख्यात्याला बोलता येत नव्हतं. त्यानं नुसता तुपाच्या भांड्याकडे हात केला. नंतर आम्ही जे जेवलो त्याला साधं म्हणता येणार नाही. बाबा भिंतीला टेकून एकेकाकडे पाहत होते आणि "वाढ, अजून वाढ" म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी मित्र सकाळच्या गाडीनं गेले. मी चहा पीत बसलो होतो, तेव्हा बाबांनी सांगितलं की काल सूनबाईला पोळी उरलीच नाही. आमच्या पानांवरून काढलेली भाकर तिनं चुलीपाशी बसून खाल्ली.

"तिनं मला सांगितलं नाही," मी म्हणालो.

"तू इचारलं का?"

बाबांनी घरातून शिजलेली डाळ आणवली आणि पाट्याकडे बोट केलं. दुपारपर्यंत मी पुरण वाटत होतो. खांदे भरून आले आणि बायको दारात उभी राहून पदरात तोंड लपवत हसत होती. त्या दिवशी बाबांनी तिचं पान आपल्या शेजारी मांडायला लावलं, आणि वाढायला मला उभं केलं.