शेऱ्याचा रकाना

वरोऱ्याच्या शाळेत बारा वर्षे गणित शिकवल्यानंतर मी संगणकाच्या कामाकडे वळले. अहेरीच्या पुढे, जंगलातल्या एका लहान दवाखान्यासाठी मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. परिसरातल्या गरोदर बायकांच्या नोंदी ठेवणे आणि कोणाला कधी दवाखान्यात आणायचे याची यादी दर सोमवारी छापून देणे, एवढेच त्याचे काम. पावसाळ्यात तिथली कित्येक गावे नाल्यापलीकडे अडकतात. बाई वेळेत अलीकडे आली तर बाळंतपण दवाखान्यात होई, नाही तर देवाच्या भरवशावर.

तो प्रोग्रॅम एकशिक्षकी शाळेसारखा होता. नावे, तपासण्या, औषधे, तारखा, सगळे वर्ग एकाच खोलीत, म्हणजे दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या एकाच संगणकात बसत. वीज गेली की शाळा सुटली. पुढे हे काम दूरच्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये हलवायचे ठरले. तिथल्या नव्या पद्धतीत एका मोठ्या प्रोग्रॅमचे लहान लहान भाग करतात. एक भाग नावे सांभाळतो, दुसरा तारखा, तिसरा निरोप पाठवतो. एक बंद पडला तरी बाकीचे चालू राहतात. ही रचना मला फार आवडली. अजूनही आवडते, हे कबूल केले पाहिजे.

हलवण्याआधी मी जुना एकेक रकाना तपासला. शेवटचा शेऱ्याचा होता. तो दवाखान्यातल्या वयाने मोठ्या सिस्टर भरत, आणि त्यात वाटेल ते असे: ‘सासू ऐकत नाही’, ‘डोंगा बंद’, ‘नवरा खाणीवर, दिराला सांगा’. एकच गोष्ट चार तऱ्हांनी लिहिलेली, आणि बहुतेक ठिकाणी नुसती रिकामी जागा. ज्याची वर्गवारी करता येत नाही ती माहिती नव्हे, असे मी ठरवले आणि तो रकाना गाळला.

नवीन पद्धत समजावून सांगण्याच्या दिवशी सिस्टरांनी पडदा वरपासून खालपर्यंत निरखला.

“बाई, शेरा कुठी गेला?”

“आता त्याची गरज नाही. तुम्ही तारीख भरा. आठ दिवस आधी निरोप आपोआप येईल.”

“अन् नाला?”

“नाल्याला सॉफ्टवेअरमध्ये जागा नसते, सिस्टर.”

सगळे हसले. सिस्टरही हसल्या. “नाल्याले नसन, पण नाल्यापलीकडच्या बाईले तं लागते ना! तुमी गणिताच्या बाई, तुमाले सारं चौकटीत पायजे. भात रांधतानाई पट्टी लावत असान!”

पुन्हा हशा झाला. मी पुढचा मुद्दा घेतला.

त्या पावसाळ्यात सिस्टर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दीड महिना रजेवर होत्या. त्यांच्या जागी बाहेरगावाहून आलेली नवी सिस्टर मन लावून काम करणारी होती. निरोप येई त्याप्रमाणे ती गाडी पाठवी. भाद्रपदात एका बाईच्या नावाचा निरोप आला, तारखेच्या बरोबर आठ दिवस आधी. हिशेबात कुठेही चूक नव्हती. मात्र तिचे गाव त्याच्या चार दिवस आधीच तुटले होते.

तिसऱ्या दिवशी तिला कळा सुरू झाल्या. माणसांनी तिला खाटेवर घालून नाल्याच्या काठापर्यंत आणले, पण पाण्याला ओढ इतकी होती की लाकडी डोंगा पाण्यात घालता येईना. ती दुपारभर काठावर पडून होती. पाणी उतरल्यावर तिला अलीकडे आणले. ती वाचली. मूल जन्मले तेव्हा रडले नाही.

दवाखान्याच्या अहवालात कारण ‘पूर’ असे लागले. मला कोणी काही विचारले नाही. मीच जुन्या नोंदींची जपून ठेवलेली प्रत उघडली. तिची नोंद माघातली होती. नावासमोर शेरा होता: ‘पलीकडचं गाव. पोळ्याच्या आत आणा.’

निरोप आला तेव्हा पोळा होऊन पंधरा दिवस उलटले होते.

तो रकाना मी त्याच आठवड्यात परत बसवला. काम अर्ध्या दिवसाचे निघाले. या सगळ्यात मला लाज वाटते ती या अर्ध्या दिवसाची. सिस्टर रजेवरून आल्या, त्यांनी रकाना पाहिला आणि लगेच तो भरायला घेतला. त्या मला टाकून बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

दिवाळीनंतर मी सिस्टरांबरोबर त्या बाईच्या गावी गेले. तिला सगळे सांगायचे, असे ठरवूनच गेले होते. ती अंगणात मासोळ्या साफ करत होती. सिस्टरांनी माझी ओळख करून दिली, “यादी बनवते ना, त्या बाई ह्याच.”

तिने हात धुतले, मला बसायला पाट दिला आणि विचारले, “बाई, माह्यं नाव होतं काय तुमच्या यादीत?”

“होतं,” मी म्हणाले.

“मंग तुमी तरी काय करान? नाल्यानंच आडवलं.”

सिस्टर माझ्याकडे पाहत होत्या. नाव होते, हे खरे होते. नावासमोर काय होते आणि ते कोणी पुसले, हे तिने विचारले नव्हते, कारण तिला ते ठाऊकच नव्हते. तिने चहा ठेवला. मी तो पिऊन उठले. राहिलेले उत्तर मी तिला अजून दिलेले नाही.