चौथा स्क्रू

भाऊजी रोज सकाळी गॅरेज उघडलं की आधी स्वतःचं तोंड मोजायचे. व्हर्नियरने. ज्या व्हर्नियरने नळीची जाडी आणि वॉशरचं भोक मोजायचं, त्याचेच दोन जबडे वरच्या-खालच्या दातांना टेकवायचे, तोंड उघडेल तेवढं उघडायचं आणि आकडा मोठ्याने वाचायचा. ऐकायला कोणी असो वा नसो. आकडा कालचाच निघाला तर ते खूश व्हायचे आणि त्या आनंदात सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी उघडायचे.

दातांच्या डॉक्टरने त्यांना तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली होती. दोनच गेली. खर्ऱ्याने गालाची आतली कातडी आखडत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं, हे नागपुरात कोणाला नव्याने सांगायला नको. आमच्या गल्लीतल्या अर्ध्या पुरुषांना ऐन जवानीत तिखट सहन होत नाही, ते याच कारणाने. पण भाऊजींनी ते आजार म्हणून घेतलंच नाही, झीज म्हणून घेतलं. झीज म्हटली की मोजत राहायचं. "माप माहीत असलं की भेव नाही वं," ते मला म्हणायचे.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, शोभाताईचे यजमान. लकडगंजच्या मागच्या अंगाला त्यांचं गॅरेज, आणि त्याला लागून माझं लोखंड कातायच्या लेथचं दुकान, जे वडिलांनंतर मी चालवते. मी भाऊजी म्हणायची म्हणून अख्खी गल्ली म्हणायची. त्यांच्याहून कितीतरी मोठे असलेले, लाकूड कापणाऱ्या आरामशीनचे शेठही. एवढं मोठं सासर मिळालं, पण जावयाचा मान म्हणून एक चहा कोणी पाजत नाही, अशी त्यांची कायमची तक्रार होती.

गाडीवर ते कधी रागवायचे नाहीत, गाडीवाल्यावर रागवायचे. काटोलचा एक संत्र्यांचा व्यापारी दर महिन्याला यायचा आणि गाडी पेट्रोल फार पिते म्हणून डोकं खायचा. एकदा भाऊजींनी त्याला बाजूला बसवून स्वतः गाडी काढली, गावाबाहेर जाऊन परत आले आणि किल्ली त्याच्या हातात दिली. म्हणाले, "गाडी नाही पेत, शेठ. तुमचा पाय पेते." तो माणूस नंतरही येत राहिला. त्यांच्याकडून बोलणी खाल्लेली माणसं परत यायची.

साध्या चार सिलिंडरच्या इंजिनाला हवा आत घ्यायला एकच दार असतं, त्याला थ्रॉटल म्हणतात. पाय दाबला की ते उघडतं आणि चारही सिलिंडर त्याच दारातली हवा वाटून घेतात. भाऊजींच्या मनात होतं की प्रत्येक सिलिंडरला त्याचं स्वतःचं दार द्यायचं. कबाड्याकडे त्यांना अपघातात गेलेल्या एका परदेशी मोटरसायकलची चार थ्रॉटल एका ओळीत जोडलेली मिळाली. ती त्यांना आपल्या जुन्या गाडीवर बसवायची होती. याने होणार काय, असं मी विचारलं. गाडी पायाबरोबर धावेल, आवाज मोकळा होईल, एवढं सांगून झाल्यावर खरं कारण आलं. "तीस वर्षं कंपनीनं बनवलं तसंच करून देऊन राहिलो. एक तर माह्या मनासारखी होऊ दे."

ताईला हे पटलेलं नव्हतं. शेजारणींसमोर ती म्हणायची, "त्या गाडीचे चार-चार तोंडं उघडून राहिले हे, आणि स्वतःचं एक उघडत नाही." भाऊजी हसायचे. हसायलाही तोंड लागतं, म्हणून ते डोळ्यांनीच हसायचे.

त्या उन्हाळ्यात डाव्या गालाच्या आत एक फोड आला आणि तो बरा होईना. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. उशीच्या खोळीवर रक्ताचा डाग पाहून ताईनेच त्यांना ओढत डॉक्टरकडे नेलं. तुकडा काढून तपासायला हवा, मोठ्या हॉस्पिटलात जा, असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलं. भाऊजींचं उत्तर ठरलेलं होतं. गाडी झाली की जातो.

गाडी अडली होती माझ्यापाशी. मोटरसायकलच्या थ्रॉटलमधलं अंतर गाडीच्या इंजिनाशी जुळत नाही. मध्ये अॅल्युमिनियमची जाड प्लेट आणि चार नळ्या घालाव्या लागतात. ती प्लेट मी बनवली आणि कपाटात घालून कुलूप लावलं. हॉस्पिटलात जाऊन या, मग घेऊन जा, असं त्यांना सांगितलं. दुसरीकडून बनवून घेईन म्हणाले. घ्या म्हटलं. त्यांनी घेतली नाही, कारण दुसऱ्याचं काम त्यांना चाललं नसतं, आणि हॉस्पिटलातही गेले नाहीत. एक दिवस दुकानात येऊन उभे राहिले. "चारही सिलिंडर एकसारखे चालले की दुसऱ्या दिवशी तुह्यासंगं येतो. वचन." भाऊजींनी दिलेला शब्द मोडल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. पंधरा-वीस दिवसांचं काम होतं. मी कपाट उघडलं.

काम झपाट्याने झालं. पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा छोटा कॉम्प्युटरही एका ओळखीच्या माणसाने जमवून दिला. गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा आरामशीन थांबवून लोक बघायला आले, असा तो आवाज. तीन गल्ल्या पलीकडे, घरी, ताईने भांडी घासता घासता ऐकला. आता फक्त चारही दारं एकसारखी करायची होती. प्रत्येकाला एक बारीक स्क्रू असतो. एक दार केसभर जास्त किंवा कमी उघडं राहिलं की उभ्या गाडीत इंजिन थरथरतं. भाऊजी रबरी नळीचं एक टोक थ्रॉटलच्या तोंडाशी धरायचे, दुसरं कानाला लावायचे आणि हवेचा सूंसूं आवाज चारही दारांत सारखा करत बसायचे. जमलेला स्क्रू हलू नये म्हणून त्यावर ताईच्या लाल नेलपॉलिशचा थेंब ठेवायचे.

मग एकेक खोट निघू लागली. कुठल्यातरी फटीतून हवा शिरते आहे. ब्रेकला लागणारी हवेची ओढ पुरत नाही, ती चारही नळ्यांतून गोळा करून एका डब्यात साठवावी लागेल. प्रत्येक खोट खरी होती आणि प्रत्येक दुरुस्तही झाली. थरथर मात्र जाईना. पोळ्यानंतरची मारबतीची मिरवणूक निघाली, दसरा गेला. ताई आता त्यांना भात कुस्करून, वरणात पातळ करून द्यायची. सकाळचं मोजणं त्यांनी बंद केलं होतं. मी आठवण केली की म्हणायचे, "उद्या होते बघ. एकच सिलिंडर लंगडून राहिलं."

एका दुपारी ते जेवायला घरी गेले तेव्हा मी गॅरेजमध्ये शिरले आणि बॉनेट उघडलं. तीन स्क्रूंवर लाल थेंब गुळगुळीत वाळलेला होता. चौथ्यावर थरावर थर होते आणि प्रत्येक थर तडकलेला. लेथवर आयुष्य गेलेल्या बाईला हे वाचायला वेळ लागत नाही. कोणीतरी तो स्क्रू बरोबर लावून रंग ठेवत होतं, आणि रंग वाळला की तोच स्क्रू पुन्हा सैल करत होतं. एकदा नाही, कित्येकदा. रोज संध्याकाळी भाऊजी आपली गाडी पुरी करून, ऐकून घेऊन, मग बिघडवून घरी जात होते.

मी इंजिन सुरू केलं आणि तो स्क्रू थोडा आवळला. थरथर गेली. मी बाजूला होऊन हात पुसत उभी राहिले.

भाऊजींना ते गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आलं असणार, कारण ते येताना घाईत नव्हते. आत आले, नळी घेतली, चारही दारांशी एकेकदा धरून ऐकलं. मग इंजिन बंद केलं.

"तूनं हात लावला."

हो म्हटलं.

"काहून?"

"झालीच होती न भाऊजी. केव्हाची."

ते टायरवर बसले. मी समजूत घालत बसले नाही, मला ते येत नाही. शेवटी ते म्हणाले, "गाडीचं काय, आज झाली नाही तर उद्या. तिथं गेलो का मग उद्याचं काही माह्या हातात नाही वं." मग उठले, बॉनेट लावलं आणि सकाळी किती वाजता निघायचं ते विचारलं.

कॅन्सर बघताच कळत होता, तुकडा काढायची गरज डॉक्टरांना फक्त कागदासाठी होती. खालचा अर्धा जबडा आणि जिभेचा काही भाग काढला. आधी आणलं असतं तर, हे डॉक्टर बोलले नाहीत आणि ताईने विचारलं नाही. त्यानंतर भाऊजी बोलू शकले नाहीत. नाकातल्या नळीने अन्न जायचं. एकदाच गॅरेजवर आले. तोंडाला रुमाल बांधून गाडीत बसले, स्वतः किल्ली फिरवली, पाय दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मी खिडकीशी उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघून तळहात सपाट धरला आणि हवेत सरळ फिरवला. एकसारखी. थंडी संपायच्या आत ते गेले.

गाडी विकायची, असं ताईनेच ठरवलं. सावनेरचा एक माणूस बघायला आला, चक्कर मारून आला. गाडी चांगली आहे पण हा आवाज रोजचा कसा सोसायचा, साधं करून द्याल तर नेतो, म्हणाला. "तूच काढ," ताई मला म्हणाली, "दुसऱ्या कोणाले हात नको लावू देऊ." जुनं एका दाराचं सामान भाऊजींनी केव्हाच भंगारात घातलं होतं. मी तसंच दुसरं शोधून आणलं, चारही थ्रॉटल उतरवली, ते बसवलं, कॉम्प्युटर पहिल्यासारखा करून घेतला. कामाला फार वेळ लागला नाही. इतकं नीट जोडलेलं उतरवायला वेळ लागत नाही.

तो माणूस ताईच्या घरीच गाडी न्यायला आला. मी अंगणात किल्ली दिली. त्याने गाडी सुरू केली, कुठल्याही साध्या गाडीसारखी, मागे घेतली, मला हात केला आणि कोपऱ्यावरून वळला.

मी आत गेले. ताई दाराकडे पाठ करून ओट्याशी उभी होती, काहीच करत नव्हती.

"काहून थांबला तो," तिने विचारलं, "अजून सुरू नाही केली का?"

"गेला ताई," मी म्हटलं.