डिग्रीच्या फोटोसाठी ठोकलेला खिळा

वसमतला हळदीच्या गोदामावर आमचा कॉम्प्युटर क्लास आहे. सकाळी कीबोर्ड पुसला तरी संध्याकाळपर्यंत त्यावर पुन्हा पिवळी भुकटी बसते. किश्श्यांचंही तसंच, रोज नवे साचतात! जिना चढून येणारं प्रत्येक पोरगं एकच विचारतं, "सर, डिग्री करू का सर्टिफिकेट?" मी खिडकीतून खाली वाळत घातलेल्या हळदीकडे बघत बसतो. त्या वासानं दुपारी डोळे असे जड होतात, की उत्तर द्यायचं राहूनच जातं.

*

आमच्या गजाननानं दोन्ही धरलं. सकाळी औंढ्याला बी.ए., दुपारी आमच्याकडं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट. म्हटलं, "लेका, दोन्ही काहून?"

"सर, डिग्री सोयऱ्यांसाठी, सर्टिफिकेट पोटासाठी, अन् झोप एस्टीत!"

एकदा झोपेतच वसमत मागं टाकून थेट नांदेडला पोचला. रागावलो तर म्हणतो, "सर, स्वप्नात मला जॉइनिंग लेटर देऊन राहिले होते. सही करणार, तेवढ्यात कंडक्टरनं उठवलं!"

*

हाच गजानन पोरगी बघायला गेला. पोहे यायला उशीर, याला करमेना. त्या घरातलं बंद पडलेलं वायफाय यानं सुरू करून दिलं. सगळं घर खूश!

पोरीचे काका म्हणाले, "पोरगं हुशार हाय. पण शिक्षण काय?"

गजाननानं सर्टिफिकेटचं लांबलचक नाव सांगितलं. काकांचा चेहरा उतरला. "ते बराबर हाय, पण शिक्षण?"

"बी.ए. करून राहिलो. इतिहास."

"मग आधी सांगायचं की! अगं, चहा टाक!"

*

आता शीतलचं सांगतो. सिद्धेश्वर धरणाच्या काठचं गाव, शेतकऱ्याची पोरगी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माझ्याकडं क्लाउड कॉम्प्युटिंग शिकली. पुण्याच्या एका कंपनीनं तिला सांगितलं, "सर्टिफिकेटची परीक्षा पास हो अन् कामावर ये." तिचे वडील, अण्णा, एका दुपारी जिना चढून आले.

"सर, यात काळा गाऊन घालून फोटो काढतेत का?"

"न्हाई अण्णा. सर्टिफिकेट मोबाइलवर येतं."

"मग भिंतीला काय लावू? बारावी पास झाली त्याच दिवशी मी खिळा ठोकून ठेवलाय!"

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. त्या घरातलं तिच्याआधी कुणी कधी कॉलेजात गेलं नव्हतं. अण्णा बराच वेळ माझ्यासोबत खिडकीतून हळद बघत बसले. जाताना म्हणाले, "एक डाव देतो. पास झाली तर पुणं. न्हाई झाली तर मुकाट्यानं डिग्री."

*

परीक्षा ऑनलाइन, घरूनच. खोलीत एकटीनं बसायचं, कॅमेरा सुरू, बोलायचं नाही, दुसरं कुणी दिसलं की परीक्षा बंद.

त्या दिवशी नेमकं दही लागलंच नव्हतं. आईला चैन पडेना. शेजारून दही मागून आणलं, साखर घातली आणि परीक्षा अर्ध्यावर असताना दार उघडून माउली आत! "लेकरा, तोंड उघड!"

स्क्रीन बंद. शीतल रडून रडून बेजार. आईला कळेचना. "दहावीला दिलं, बारावीला दिलं. तवा न्हाई कुणी परीक्षा बंद केली!"

रात्री पोरीनं सगळं समजावलं, तेव्हा आईला कळलं. अण्णांना म्हणाली, "चूक माझी. डाव पोरीचा काहून जावा?"

सकाळी मला अण्णांचा फोन आला, "सर, दुसरी तारीख घ्या."

*

दुसऱ्या खेपेला मी स्वतः गेलो. आई दारात ठाण मांडून बसलेली, मांडीवर दह्याची वाटी. शेजारीण काही सांगायला आली, तर आईनं नुसता हात वर केला आणि ती आल्या पावली परत! शेळी पार बांधावर नेऊन बांधली होती. अण्णा स्वतःच्याच अंगणात चप्पल काढून अनवाणी फिरत होते. दुपारची वेळ, लांब धरणाचं पाणी चमकत होतं. अख्खी आळी झोपेत चालत असल्यागत वाटत होती, आणि मलाही सगळं स्वप्नातलंच वाटायला लागलं.

दार उघडलं. शीतल म्हणाली, "पास!"

कुणी हू की चू केलं नाही! आईनं वाटी पुढं केली. दह्याचं पार पाणी झालं होतं. शीतलनं ते तसंच पिऊन टाकलं. मग आईनं तिच्या कानाशी जाऊन हळूच विचारलं, "आता बोललं तर चालतं का, बाई?"

पोरीनं मान डोलावली आणि दोघी गळ्यात पडून रडायला लागल्या.

तेवढ्यात आतून ठक् ठक् आवाज आला. अण्णा बाहेर आले, हात चुन्यानं पांढरे. त्यांनी शीतलच्या हातावर भिंतीतून उपसलेला तो खिळा ठेवला.

"पुण्याच्या खोलीत ठोक," म्हणाले. "काय लावायचं ते तुझं तू ठरव."